हॉस्टेलच्या मुलांना दारूबद्दल ऑनलाइन प्रश्नावली दिली, सगळेच निर्व्यसनी निघाले. काय चुकलं?

डस्टरवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे भटकंती आणि पाककृती वाचायला येतो, लिहीत नाही. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

नगरकडच्या एका तालुक्याच्या गावी इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या हॉस्टेलचं रेक्टरपण गळ्यात पडलं, तेव्हापासून आवारातच क्वार्टरमध्ये राहतो. (क्वार्टरवरून मुलं काय विनोद करतात ते मला माहीत आहे, तुम्ही नका करू.)

फ्रेशर्सच्या रात्री सेकंड इयरचा एक मुलगा गच्चीवर उताणा पडलेला वॉचमनला सापडला. रात्रीचे तीन. तोंडाशी उलटी. वॉचमन पूर्वी ट्रकवर क्लीनर होता, त्याने पहिलं काम केलं ते पोराला कुशीवर वळवण्याचं. मी पोचलो तेव्हा त्याचे मित्र त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतत होते आणि एक जण लिंबू शोधायला मेसमध्ये गेला होता. सकाळपर्यंत सलाइनवर होता, वाचला. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "उताणा राहिला असता तर उलटी श्वासनळीत गेली असती. लिंबाने काय होणार होतं?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. "सर्व्हे करा. ऑनलाइन. कोण पितं ते कळलं पाहिजे." मी नेटवर शोधलं तर जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची चाचणी सापडली. आमच्या सौ. मराठीच्या एम.ए., त्यांनी भाषांतर करून दिलं. मी गूगल फॉर्म केला. वर नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), रूम नंबर, पालकांचा मोबाइल. खाली सूचना: गुरुवारी पाचपर्यंत न भरल्यास मेसचं कार्ड रिन्यू होणार नाही.

दोनशेच्या वर मुलांनी भरला. "कधीच नाही" सोडून दुसरं उत्तर देणारे तीन. त्यातला पहिला श्री. रावण दशमुख लंकेश, रोज घेतो, एका वेळी दहापेक्षा जास्त (तोंडं दहा असल्यामुळे असेल). दुसऱ्याने महिन्यातून एकदा असं लिहिलं आणि सकाळी येऊन "सर, चुकून टिक झालं" म्हणत खोडायला लावलं. तिसरा म्हणाला प्रश्नच कळला नाही. फॉर्ममध्ये 'प्रमाणित पेये' असा शब्द होता. "सर, प्रमाणित म्हणजे आयएसआय मार्कवालं का?" तो चेष्टा करत नव्हता.

त्याच रविवारी सोलरच्या टाक्या साफ करायला प्लंबर आला. टाक्यांमागून पोतंभर रिकाम्या बाटल्या निघाल्या. मी मोजल्या नाहीत, भंगारवाल्याने मोजल्या.

प्राचार्य रिझल्टवर खूश आहेत. पाय चार्ट अख्खा एकाच रंगाचा आलाय, फाइलला लावायला सांगितलाय. मी नाही खूश. फॉर्म चुकला हे कळतंय, पण नक्की कुठे? असं ऑनलाइन विचारून काही साधतं का मुळात? आणि समजा पोरांनी खरं सांगितलं, तर पुढे मी काय करू? कॉलेजला समुपदेशक नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दीड तास. जाणकारांनी प्रकाश टाकावा.


निम्मीझोप

सर, चार वर्षं हॉस्टेलला काढलीत म्हणून बोलतो. राग मानू नका. पालकांचा मोबाइल नंबर मागितल्यावर पुढचे दहा प्रश्न तुम्ही विचारलेच नाहीत असं समजा.

आमच्याकडेही असाच एक कागदी फॉर्म आला होता. 'संपूर्ण गोपनीय' असं वर छापलेलं. पुढच्या आठवड्यात मेसमध्ये सगळ्यांसमोर तीन नावं वाचून दाखवली. त्यातल्या एकाने सिगरेटच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं, बस्स. त्यानंतर त्या हॉस्टेलात कुणी कुठलाच फॉर्म खरा भरला नाही, रक्तगट विचारला तरी लोक दचकायचे.

आणि कायदा बघा. आपल्याकडे बिअर-वाइनला २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, बाकी दारूला २५, वर परमिट वेगळं. तुमची पोरं अठरा ते बावीस. म्हणजे तुम्ही नाव लिहून गुन्हा कबूल करा म्हणताय, तेही मेसचं कार्ड अडवून.

भाषेचं पण आहे. "आपण मद्यपान करता का" याला मी आजही नाही म्हणेन. मद्यपान सिनेमातले जमीनदार करतात. आम्ही 'बसायचो'. "शनिवारी बसायचं का?" हे विचारा, बघा किती हात वर होतात.


ओसरी

डस्टरवाला सर, आधी त्या वॉचमनदादांचा सत्कार करा. खरंच सांगते.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका आहे, चौदा वर्षं झाली. ही चाचणी आठवड्यातून कितीदा भरून घेते त्याला गणती नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ऑडिट हे 'कोण पितं ते पकडायचं' साधन नाहीच. सहा देशांत तपासून ते बनवलं, ते दवाखान्यात आलेल्या माणसाचं पिणं त्रासाकडे झुकतंय का हे लवकर ओळखायला. म्हणजे व्यसनी माणूस शोधण्यापेक्षा, अजून व्यसनी न झालेला पण त्या वाटेवरचा माणूस शोधायला. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा. पुढचे तीन, सुरू केल्यावर थांबता येतं का, पिण्यामुळे कामं राहतात का, सकाळी उठल्यावर लागते का. मग अपराधी वाटणं, रात्रीचं न आठवणं, कुणाला इजा, आणि शेवटी कुणी घरच्याने-मित्राने-डॉक्टरने टोकलंय का. एकूण ४० गुण. ७ पर्यंत ठीक, ८ ते १५ धोक्याचं पिणं, १६ ते १९ त्याच्या पुढची पायरी, २० आणि वर असेल तर तज्ज्ञाने बघायलाच हवं.

आता तुमचं 'प्रमाणित पेय'. वहिनींचं भाषांतर शब्दकोशाप्रमाणे बरोबरच आहे, पण पोरं शब्दकोशातून पीत नाहीत. ऑडिटच्या पुस्तिकेत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशेबाने ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे साधारण एक. लार्ज म्हणजे दोन. तर मग क्वार्टर किती? १८० मिली, म्हणजे सहा.

इथे जरा थांबा. ऑडिटचा तिसरा प्रश्न काय आहे? "एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात?" माझ्यासमोर बसलेला प्रत्येक दुसरा मुलगा म्हणतो, "मॅडम, मी जास्त घेत नाही, एकच क्वार्टर." त्याच्या डोक्यात आकडा 'एक' असतो. तो फॉर्मवर एक-दोनवर टिक करतो आणि तिसऱ्या प्रश्नाला 'कधीच नाही'. तो खोटं बोलत नाही हो! मापच चुकलेलं आहे. बिअरचंही तसंच. ६५० मिलीची स्ट्राँग, ८ टक्केवाली, एक बाटली म्हणजे चार ड्रिंक. "आम्ही दारू नाही पीत, बिअर पितो" म्हणणाऱ्याच्या दोन बाटल्या म्हणजे आठ.

म्हणून मी आमच्या फॉर्मवर ड्रिंक शब्द काढलाच. बाटल्यांची चित्रं टाकली, निप, क्वार्टर, हाफ, खंबा, टिन, मोठी बिअर, आणि प्रत्येकाखाली आकडा. फॉर्म भरता भरताच पोरं गप्प होतात. गुण मोजायच्या आधीच.

पुढे काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न. पालकांना असे फॉर्म दिसले की ते एकदम "मुक्तांगणला टाका" वर येतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, तिथलं काम मोठंच, पण ८ ते १५ मधल्या मुलाला भरती करायची गरज नसते. त्याला पंधरा मिनिटं कुणीतरी न ओरडता बोललं पाहिजे. तुझे गुण इतके, याचा अर्थ असा, तुला स्वतःला यात काय खटकतं? पुढच्या महिन्यात काय बदलून बघशील? एवढंच. गोव्यात 'संगात' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून घेतलं, ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांसाठी, जास्तीत जास्त चार बैठका. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या सल्ल्याने २६ टक्के लोक सुरक्षित पातळीवर आले होते, बैठका झालेल्यांपैकी ३६ टक्के. चमत्कार नाही. पण शंभरात दहा माणसं जास्त, तीही मानसोपचारतज्ज्ञाशिवाय. तेव्हा "आमच्याकडे समुपदेशक नाही" हे कारण अर्धंच खरं. दोन बरे शिक्षक शोधा, ज्यांच्याकडे पोरं आपणहून जातात. बहुतेक ते एचओडी नसतात.

२० च्या वरच्यांचं मात्र वेगळं. त्यांना ऑनलाइन पानावर "कमी करा" लिहून काही होत नाही, आणि एक धोकाही आहे. जो रोज पितो, ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याला "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका. अचानक सोडल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेततं. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

फोन नंबर पानाच्या शेवटी मोठ्या अक्षरात टाका. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

आणि नाव, पीआरएन, ईमेल, सगळं काढा. गुण मुलाला दिसले पाहिजेत. तुम्हाला कशाला हवेत?


पाटीलकी

एवढा मोठा प्रतिसाद वाचून हसू आलं. आमच्या वेळी रेक्टर एक कानाखाली द्यायचे, विषय संपायचा. लिंक पाठवून दारू सुटते होय? पोरांना लाडावून ठेवायचं आणि मग डब्ल्यूएचओला विचारायचं.


निम्मीझोप

काका, कानाखाली खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी गच्ची सोडून विहिरीवर बसतो. तिथे वॉचमन नसतो.


दूरदेशी

पाटीलकी यांचा "लिंकने सुटते होय" हा प्रश्न रास्त आहे, सूर सोडून द्या. उत्तर असं, की सुटत नाही. थोडी कमी होते, तीही कधी कधी.

मी पर्थच्या कर्टिन विद्यापीठात मास्टर्सला होतो तेव्हा तिथे लिंक पाठवून ही चाचणी घ्यायचा प्रयोग चालला होता. मला ईमेल आली नाही, कारण पदवीच्या सतरा ते चोवीस वयाच्या मुलांनाच होती. फ्लॅटमेटला आली. तो चिप्स खात खात भरत होता, मी मागून बघत होतो. शेवटी पडद्यावर त्याचे गुण आले, रक्तात अंदाजे किती अल्कोहोल चढत असेल ते आलं, त्याच्या वयाचे बाकीचे किती पितात त्याच्याशी तुलना आली. आणि दारूवर किती डॉलर जातात ते. बाकी सगळं त्याने हसत वाचलं. डॉलरवर येऊन थांबला. "धिस इज माय कार," म्हणाला. त्याला जुनी गाडी घ्यायची होती आणि पैसे पुरत नव्हते.

त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सात हजारांवर विद्यार्थ्यांनी चाचणी भरली, त्यातले साधारण एक तृतीयांश धोक्याच्या पट्ट्यात. त्यातल्या निम्म्यांना तो निकालाचा पडदा दाखवला, निम्म्यांना नाही. महिन्याने पडदा बघितलेले सुमारे १७ टक्के कमी पीत होते, सहा महिन्यांनी फरक ११ टक्क्यांवर आला. पण त्याच संशोधकांच्या चमूने पुढे न्यूझीलंडच्या सात विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर केलं, २०१४ मध्ये छापलं, तेव्हा किती वेळा पितात आणि एकूण किती पितात यात फरक मिळालाच नाही. एका बैठकीत किंचित कमी, इतकंच. त्यामुळे सर, पान जरूर करा, पण प्राचार्यांना "प्रश्न सुटला" असं वाटू देऊ नका. गेटसमोरचं परमिट रूम उघडंच राहणार आहे.

तुलनेचा मुद्दा मात्र आपल्याकडे जास्त चालेल असं मला वाटतं. हॉस्टेलमधल्या पोराला विचारा, किती जण पितात? "सगळेच, सर." एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं देशभरचं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं, त्यात १० ते ७५ वयाच्या पुरुषांमध्ये पिणारे २७ टक्के. चारात एक. बाकी तिघे शनिवारी खोलीचं दार लावून सिरीज बघत असतात, पण ते आवाज करत नाहीत म्हणून दिसत नाहीत.


शेंगदाणा

मी थर्ड इयर, दुसऱ्या शहरात. एकच विचारायचं होतं. सर, तुमचा फॉर्म फक्त मुलांच्या हॉस्टेलला दिला ना?

आमच्या मुलींच्या हॉस्टेलमध्येही बसतात. कमी जणी, पण बसतात. फरक इतकाच, की कुणी पडली तर आम्ही वॉर्डनला उठवत नाही. माझ्या रूमीला एकदा पहाटेपर्यंत आम्ही तिघींनी आळीपाळीने जागून बघितलं, १०८ ला फोन लावायची हिंमत झाली नाही, कारण मग घरी कळलं असतं आणि तिचं शिक्षणच बंद. मुलगा पडला तर "पोरगं वाया चाललंय". मुलगी पडली तर काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

ती कुशीवर झोपवायची गोष्ट मला या धाग्यावर आज कळली. आम्ही तिला उताणीच ठेवलं होतं, पंख्याखाली.


ओसरी

शेंगदाणा, तुम्ही जागलात हे मोठंच. पण पुढच्या वेळी, माणूस हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल, तर घरी काय होईल याचा विचार नंतर. आधी १०८. आंघोळ, लिंबू, कॉफी, चालवत फिरवणं, काहीही अल्कोहोल उतरवत नाही. यकृत त्याच्या गतीने काढतं, तासाला जेमतेम एक ड्रिंक. क्वार्टर उतरायला सहा तास धरा. माणूस झोपल्यावरही पोटातली चढत राहते, म्हणून "झोपला, आता बरा आहे" असं समजायचं नाही.

सर, मुलींचा मुद्दा लिहून ठेवा. बायकांसाठी धोक्याची रेघ खालीच असते. फक्त पहिल्या तीन प्रश्नांची छोटी चाचणी आहे, १२ गुणांची, तिच्यात पुरुषाला ४ ला सावध व्हायचं तर बाईला ३ ला.


डस्टरवाला

सर्वांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं. तीन आठवडे झाले.

पाय चार्ट फाइलमधून काढून आणला. प्राचार्यांना म्हटलं, सर, पोत्यातल्या बाटल्या आणि हा चार्ट एकाच फाइलला लावता येत नाहीत. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "नावं नकोत तर नकोत, पण मला काही कळलं नाही असं समजून करा." याला परवानगी म्हणतात की नाही माहीत नाही. मी म्हणतो.

गूगल फॉर्मची क्विझ वापरून बघितली, पण तिथे एका पर्यायाला शून्य, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन असे वेगवेगळे गुण देता येईनात, बरोबर नाहीतर चूक एवढंच. कॉम्प्युटरच्या एका पोराला धरलं. त्याने दोन संध्याकाळी बसून साधं पान बनवलं. गुणांची बेरीज फोनमध्येच होते. आमच्याकडे नाव येत नाही, ईमेल येत नाही, उत्तरंही येत नाहीत. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि खाली त्याने स्वतःच्या मनाने टाकलं, "विश्वास नसेल तर इंटरनेट बंद करून भरा, तरी चालतं." पोरांना माझ्या सहीपेक्षा ही ओळ जास्त पटली.

'प्रमाणित पेय' गेलं. पहिला प्रश्न आता "गेल्या वर्षभरात किती वेळा बसलात?" सौभाग्यवतींना मान्य नव्हतं, पण त्यांनीच शेवटी 'टाईट' शब्द सुचवला, मी थक्क. बाटल्यांची चित्रं ओसरीताईंनी सांगितली तशी. शेवटी गुण, महिन्याचा रुपयांत खर्च, दोन फोन नंबर, आणि कुशीवर कसं वळवायचं त्याचं चित्र. त्यासाठी वॉचमनला आडवं झोपवून फोटो काढला. तो म्हणाला, "साहेब, माझं तोंड येऊ देऊ नका, गावाकडं वाटेल मीच प्यालोय."

क्यूआर कोड कुठे लावायचा यावर डोकं चालवलं. नोटिस बोर्डवर लावला तर चार जणांसमोर कोण स्कॅन करणार? संडासाच्या दारांना आतून लावले. दोन्ही हॉस्टेलना. मुलींकडच्या रेक्टरबाई आधी "आमच्याकडे गरज नाही" म्हणाल्या, मी शेंगदाणा यांचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचायला दिला. त्यांनी वाचला, दोनदा, आणि कागद मागून घेतले.

किती जणांनी भरलं ते मला कळत नाही, कळू नये अशीच सोय आहे. मेसमध्ये मात्र "तुझा किती आला?" सुरू झालं. दोन-तीन दिवस ती स्पर्धाच झाली, जास्त गुणवाला हिरो. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं हे उलटंच झालं. मग ओसरली.

परवा रात्री साडेदहाला दार वाजलं. मुलगा केटीचा फॉर्म घेऊन आला होता, सही हवी म्हणाला. फॉर्मची मुदत मागच्या सोमवारीच संपलेली. (मुलाबद्दलचे तपशील इथे मुद्दाम बदललेत.) सही केली, तरी उभाच. मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला.

"सर, हे तेवीस म्हणजे आउट ऑफ किती?"

चाळीस, मी म्हणालो.

"म्हणजे पास ना?"

हसला. मीही हसलो असतो, पण फोन धरलेला हात हलत होता. फोनची काच ट्यूबलाइटखाली चमकत होती ना, त्यामुळे ते जास्तच दिसत होतं. आत बोलावलं. सौ.नी काही न विचारता पोहे टाकले. तो बोलत राहिला ते पावणेएकपर्यंत. सकाळी लेक्चरच्या आधी पाण्याच्या बाटलीत घेऊन येतो, सहा महिने. पहिल्या बाकावर बसतो, माझ्याच तासाला. मी त्याला गेल्या सेमिस्टरला 'लक्ष देणारा विद्यार्थी' म्हणून वर्गात नाव घेऊन सांगितलं होतं.

त्याला तिथल्या तिथे सगळी बाटली ओतून टाकायची होती, शपथ घ्यायची होती, आईची. मला ओसरीताईंचं वाक्य आठवलं म्हणून थांबवलं, नाहीतर मी टाळ्याच वाजवल्या असत्या. १४४१६ लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाई शांतपणे मराठीत बोलल्या, सकाळी किती घेतो, कधी फिट आली होती का, सगळं विचारलं, आणि जिल्हा रुग्णालयात दाखवा म्हणाल्या. उद्या सकाळच्या साडेसहाच्या एसटीने मी त्याला घेऊन जातोय. रजा टाकली आहे, कारण 'वैयक्तिक'.

ताई, एक विचारायचंय. मुलगा वीस वर्षांचा. वडिलांना सांगू नका म्हणतो, ते स्वतः घेतात आणि मारतात. मला रेक्टर म्हणून सांगणं भाग आहे का, की गप्प बसू?


ओसरी

सर, तो सज्ञान आहे. डॉक्टरांपुढे तो स्वतः बोलेल. तुम्ही सोबत जाताय, पुढारी म्हणून नाही. "वडिलांना सांगू का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नाहीच येणार. एसटीत विचारा, "घरातलं कोणाला कळलेलं तुला चालेल?" बहुतेकांकडे एक नाव असतं, थोरली बहीण, मामा, आजी. ते नाव आलं की तिथून पुढे सोपं होतं. भरती करायचं म्हणाले तर घरचं कुणीतरी लागेलच, तेव्हा ते नाव उपयोगी पडेल.

जाताना तो आजवर जे औषध-गोळी घेत असेल ती बरोबर घ्या. थोडं खाऊन निघा. आज रात्री त्याला एकट्याला खोलीत ठेवू नका. घाम, थरथर वाढली, भलतंसलतं दिसायला लागलं, तर साडेसहाच्या एसटीची वाट बघायची नाही, १०८.

रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत फार वेळ जातो, साडेसातपर्यंत पोचलात तर बरं. सहाची गाडी मिळते का बघा.


डस्टरवाला

पावणेसहाची आहे. वॉचमन त्या मुलाच्या खोलीत झोपलाय, दाराशी आडवी सतरंजी टाकून.